एका दिवसाची धूळ

‘धुळीचं प्रमाण आणि फुप्फुसांची क्षमता यांच्यात लक्षणीय संबंध आढळला नाही.’ हे वाक्य माझं आहे. फरीदाबादच्या बाजूला दगड कापणारे, घासणारे आणि कोरणारे छोटे कारखाने आहेत. त्यांतल्या काही कारखान्यांची पाहणी आम्ही केली होती. तिच्या अहवालात, शेवटून दुसऱ्या पानावर, मी ते लिहिलं आणि खाली सही केली.

ते वाक्य चुकीचं होतं. अहवालातला एकही आकडा बनवलेला नव्हता. पंप चांगले होते, फिल्टर नवे होते, वजनकाटा मायक्रोग्रॅम दाखवणारा होता. तरीही निष्कर्ष चुकला, कारण माझ्या आकड्यांमध्ये किती चूक मुरलेली आहे याचा हिशेब मी मांडलाच नव्हता. मोजमाप म्हटलं की थोडी चूक असणारच, ती इकडेतिकडे होऊन बरोबर होते, अशी माझी समजूत होती. इंडस्ट्रियल हायजिनिस्ट म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांची ती अजूनही आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आणि त्या वाक्याचा परिणाम झाला, म्हणूनही. कारखानदारांच्या बैठकीत ते वाचून दाखवलं गेलं. कापणीच्या पात्यावर पाणी सोडण्याची सोय करायची की नाही, हा विषय त्या बैठकीत होता. संबंधच आढळला नसेल तर एवढा खर्च आत्ताच कशाला, असं ठरलं. बैठकीत मी हजर होते. ‘संबंध आढळला नाही’ म्हणजे ‘संबंध नाही’ असं नव्हे, हे मी तिथे सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले, कारण त्या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे मलाच तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं.

दिल्लीत हा विषय पुस्तकी नाही. अरवलीची जी रांग दिल्लीत शिरते तिचा दगड क्वार्टझाइट आहे, म्हणजे जवळजवळ सगळा क्वार्ट्‌झ. त्याची खडी करणारे क्रशर मेहरौली-बदरपूर रस्त्यावरच्या लाल कुआँ भागात वर्षानुवर्षं चालले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ मे १९९२ रोजी आदेश दिला आणि १५ ऑगस्ट १९९२ पासून दिल्लीतले क्रशर बंद करून हरियाणातल्या पाली गावाजवळच्या क्षेत्रात हलवायला सांगितलं. क्रशर गेले, माणसं राहिली. त्यांच्या छातीत धूळ आधीच जाऊन बसली होती. अशा धुळीने होणारा सिलिकोसिस हा आजार काम सुटलं तरी वाढत राहतो. अनेकांना वर्षानुवर्षं टीबी म्हणून औषधं दिली गेली. एस. ए. आझाद यांच्या ‘प्रसार’ या संस्थेने या लोकांना एकत्र आणलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नुकसानभरपाईची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न यायचा: किती वर्षं काम केलंत, किती धुळीत केलंत? कामावर असल्याचा कागदही बहुतेकांकडे नव्हता, धुळीच्या मोजमापाचा कुठून असणार?

हे सगळं वाचून, ऐकून मी या कामात आले होते. आपण मोजलं तर पुढच्या पिढीच्या कामगाराच्या हातात निदान एक आकडा तरी राहील, ही माझी तळमळ खरी होती. पण चुकीचा आकडा हातात असणं हे काही वेळा आकडा नसण्यापेक्षा वाईट ठरतं.

आधी पंपांबद्दल सांगते. कामगाराच्या कमरेला एक छोटा पंप बांधतात. त्यातून निघणारी नळी खांद्यावरून पुढे आणून कॉलरपाशी, नाकातोंडापासून साधारण एका फुटाच्या आत अडकवतात. तिथे एक छोटं सायक्लोन असतं. ते जाड धूळ खाली पाडतं आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचेल एवढीच बारीक धूळ फिल्टरवर जाऊ देतं. सुरुवातीच्या काही दिवसांत मी पंप कामगारावर न बांधता यंत्राशेजारी स्टँडवर ठेवले. ही माणसं नगावर मजुरी घेतात. नळीमुळे हात अडला की त्यांचे पैसे बुडतात आणि ती नाराज होतात. स्टँडवर ठेवलं की कुणाची तक्रार नाही. पण कापणारा माणूस पात्यावर वाकलेला असतो आणि माझा स्टँड चार हात लांब. शेरवूड आणि ग्रीनहाल्घ यांनी इंग्लंडमध्ये १९६० सालीच अंगावर बांधायचा पंप करून दाखवला होता. माणसाच्या श्वासाजवळची हवा आणि खोलीतली हवा वेगळी असते, हे तेव्हापासून या क्षेत्राला माहीत आहे. मलाही माहीत होतं. सोयीसाठी मी ते बाजूला ठेवलं. पुढे पंप अंगावर आले, पण स्टँडवरचे ते आकडे मी वगळले नाहीत. बाकीच्यांच्या यादीत तसेच मिसळले.

पंप मिनिटाला किती हवा ओढतो हे सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरवर तपासायचं असतं. मी सकाळी तपासायचे. संध्याकाळी कामगारांची घरी जायची घाई, आमची गाडी उभी, त्यामुळे कित्येकदा ते राहून गेलं. जानेवारीच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, नळी पट्ट्याखाली दबते. प्रवाह कमी झाला तर मी गृहीत धरलेल्यापेक्षा कमी हवा फिल्टरमधून गेलेली असते, म्हणजे धूळ खरीपेक्षा कमी दिसते. उलट, प्रवाह मंदावला की सायक्लोनची गाळणीही सैल होते आणि जाड कण फिल्टरवर जाऊ लागतात, म्हणजे धूळ जास्त दिसते. दोन चुका विरुद्ध दिशेने ओढतात म्हणून त्या एकमेकींना पुसतात, असं मी स्वतःला समजावलं होतं. किती पुसतात हे कधी पाहिलं नाही.

फिल्टरचं वजन हे प्रकरण याहून नाजूक आहे. नायलॉनच्या सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर हवा लागते. आठ तासांत ८१६ लिटर, म्हणजे एका घनमीटरहून कमी. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत बारीक धुळीची मर्यादा एका सूत्राने दिली होती: दहाला ‘क्वार्ट्‌झची टक्केवारी अधिक दोन’ने भागायचं, उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. धूळ जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झची असेल तर मर्यादा साधारण ०.१ मिलिग्रॅम येते. त्या मर्यादेवरच्या धुळीत आठ तास काम केलेल्या माणसाच्या फिल्टरवर जेमतेम ८० मायक्रोग्रॅम धूळ साठते. आता पावसाळ्यात ओल धरून किंवा डिसेंबरच्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे काटा हलून फिल्टरच्या वजनात २० मायक्रोग्रॅमचा फरक पडला, तर पाव भाग चूक तिथेच झाली. यासाठी कोरे फिल्टर सोबत न्यायचे असतात. ते उघडून लगेच बंद करायचे, पंपाला न लावता परत आणायचे आणि त्यांचं वजन किती बदललं ते पाहायचं. ते आम्ही नेले होते, त्यांची वजनं वहीत नोंदवलेलीही होती. पण त्या वजनांतला चढउतार किती आहे हे मी काढलं नाही. ते काढलं असतं तर कमी धुळीच्या कामांतले माझे बरेच आकडे ओळखसीमेच्या, म्हणजे काट्याला खात्रीने ओळखता येईल त्या किमान वजनाच्या, खालचे आहेत, हे तिथेच कळलं असतं. जे आकडे अगदीच खाली गेले त्यांच्या जागी मी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे धूळ नाही. माझा काटा सांगू शकत नाही याचा अर्थ धूळ नाही असा होत नाही. अशा आकड्यांचं काय करायचं यावर हॉर्नंग आणि रीड यांचा १९९० सालचा लेख या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. ओळखसीमेला दोनच्या वर्गमुळाने भागून ती किंमत घ्यावी असा त्यातला सोपा मार्ग आहे. आता त्याहून चांगले मार्गही निघाले आहेत. मी त्यातलं काहीच केलं नव्हतं.

पण माझी सर्वांत मोठी तांत्रिक चूक दिल्लीच्या हवेची होती, आणि ती इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

पैसे वाचवायचे म्हणून प्रत्येक फिल्टरवरचं क्वार्ट्‌झ आम्ही प्रयोगशाळेत मोजून घेतलं नाही. जमिनीवर पडलेल्या भुकटीचा एक नमुना पाठवला, त्यातली क्वार्ट्‌झची टक्केवारी आली, आणि सगळ्यांच्या फिल्टरवरच्या धुळीला मी तोच आकडा लावला. यात दोन घोटाळे आहेत. पहिला भुकटीचा. जमिनीवरची जाड भुकटी आणि फुप्फुसात जाणारी बारीक धूळ यांची घडण सारखी नसते. शिवाय एकाच कारखान्यात सोमवारी धौलपूरचा वाळूचा दगड कापतात आणि गुरुवारी मकराण्याचा संगमरवर. एक बहुतांशी क्वार्ट्‌झ, दुसरा बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. फिल्टरवर दोन्ही पांढुरके दिसतात, फुप्फुसाला मात्र त्यांत फार मोठा फरक आहे.

दुसरा घोटाळा हिवाळ्याचा. दिवाळीनंतर दिल्लीच्या हवेत पीएम २.५ घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाणं ही नवलाई राहिलेली नाही. ते कण इतके बारीक असतात की सायक्लोन त्यांना अडवत नाही. ते थेट फिल्टरवर जातात. ८१६ लिटर हवेतून ते जवळपास २४५ मायक्रोग्रॅम होतात. दगडाच्या धुळीची जी मर्यादा मी वर सांगितली तिच्या तिप्पट वजन शहराच्या धुरक्यातूनच माझ्या फिल्टरवर येत होतं, आणि त्यात क्वार्ट्‌झ नगण्य. मी त्या सगळ्या वजनाला दगडाची टक्केवारी लावत होते. तुलनेसाठी घेतलेले ऑफिसातले कारकून आणि गेटवरचे चौकीदार यांच्या फिल्टरवरही तेच धुरकं होतं. त्यामुळे कापणाऱ्या माणसाची धूळ आणि चौकीदाराची धूळ यांतलं अंतर कागदावर आकसलं. ज्यांना धूळ नाही त्यांनाही मी धूळ दिली. एक्स-रे डिफ्रॅक्शनने किंवा इन्फ्रारेडने फिल्टरवरचंच क्वार्ट्‌झ मोजलं असतं तर हे झालं नसतं. तो खर्च अहवालाच्या छपाईच्या खर्चापेक्षा फार वेगळा नव्हता.

त्याच मोसमात ‘ग्रॅप’ या प्रदूषणाविरुद्धच्या कृती योजनेचे निर्बंध लागतात. हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने बांधकामं थांबतात, तिसऱ्या टप्प्यात एनसीआरमधले क्रशर बंद होतात. बांधकाम थांबलं की दगडाची मागणी थांबते, कारखान्यात निम्मी पाती बंद. मग बंदी उठते आणि तुंबलेलं काम उरकायला रात्रपाळ्या लागतात. आमची मोजणी कधी बंदीच्या आठवड्यात झाली, कधी बंदी उठल्यानंतरच्या. मी दोन्ही आकड्यांना ‘रोजची धूळ’ म्हटलं.

या सगळ्या चुका आमच्या एका ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांनी एका प्रश्नात उघड्या पाडल्या. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिलेले. मी माझी माहिती घेऊन त्यांच्याकडे गेले होते ती दुसऱ्याच कामासाठी. पानं चाळत त्यांनी विचारलं, “यातल्या एखाद्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलंस का?”

“नाही सर. जास्तीत जास्त माणसं घ्यायची होती, म्हणून प्रत्येकाला एकदाच मोजलं.”

“मग हा आकडा त्या माणसाचा आहे की त्या दिवसाचा, हे तुला कसं कळणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका दिवसाचा बाजारहाट पाहून घराचा वर्षाचा खर्च सांगावा, तसं मी केलं होतं.

पुढचे दोन तास त्यांनी मला जे समजावलं ते मी शिकताना वाचलेलं होतं, पण कळलं त्या दिवशी. कारखान्यातल्या धुळीचे चढउतार दोन प्रकारचे असतात. एक माणसामाणसांतला: कुणी पात्यावर, कुणी घासाईला, कुणी माल उचलायला, शिवाय कामाच्या सवयी वेगळ्या. दुसरा त्याच माणसाचा, दिवसागणिक: आज कुठला दगड, शटर उघडं की बंद, वारा कुठला, काम किती. आजाराशी ज्याचा संबंध पाहायचा तो पहिला, म्हणजे त्या माणसाची वर्षानुवर्षांची सरासरी. एकदाच मोजलं की दुसरा त्यात पूर्ण मिसळतो. समजा लॉगरिदमच्या मापात माणसांमधला फरक (व्हेरियन्स) ०.३ आहे आणि दिवसागणिक फरक ०.९. मग खऱ्या फरकाचा एकूण फरकात वाटा ०.३ भागिले १.२, म्हणजे एक चतुर्थांश. धूळ वाढली की फुप्फुसाची क्षमता किती घटते, तो चढ मी काढेन तेव्हा तोही खऱ्याच्या साधारण एक चतुर्थांशच दिसेल. प्रत्येकाला चार वेगवेगळ्या दिवशी मोजलं असतं तर दिवसागणिक फरक चौथाई झाला असता आणि चढ खऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त दिसला असता.

हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण असं प्रमाण कारखान्यांत दुर्मिळ नाही. क्रोमहाउट आणि रॅपापोर्ट यांनी १९९३ मध्ये निरनिराळ्या उद्योगांतली सुमारे वीस हजार मोजमापं एकत्र करून पाहिली. एकच काम, एकच जागा म्हणून ‘सारखे’ धरलेल्या कामगारांच्या गटांपैकी जेमतेम एक चतुर्थांश गटांतच माणसं खरोखर सारखी निघाली. कामगारांच्या अंगावरची धूळ दिवसागणिक बदलते, म्हणून पाळ्या आणि माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, हे ब्रिटनमध्ये ओल्डहॅम आणि रोच यांनी कोळसा खाणींसाठी १९५२ सालीच मांडलं होतं. आणि चुकीच्या मापामुळे संबंध फिका पडतो, हे चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये दाखवलं होतं. शतकभर जुनं ज्ञान माझ्या अहवालापर्यंत पोहोचलं नव्हतं, आणि त्याला जबाबदार मी होते.

मला त्या संध्याकाळी सर्वांत जास्त लागलं ते हे की ही चूक निष्पक्ष नाही. यादृच्छिक चूक म्हणजे कधी इकडे, कधी तिकडे, म्हणून निरुपद्रवी, असं आपण मानतो. पण आजाराशी नातं जोडताना ती चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते. नुकसान लहान दिसतं. मोजमाप जितकं ढिसाळ, तितका धोका कमी वाटतो. म्हणजे आमच्या आळसाचा फायदा मालकाला आणि तोटा कामगाराला. यात कुणाचा कट लागत नाही.

मी लगेच विचारलं, मग चढाला त्या वाट्याने भागलं की झालं? सरांनी मान हलवली. भागता येतं, पण तो वाटा काढायला निदान काही माणसांची दुसरी मोजणी हवीच, आणि भागल्यावर अनिश्चिततेचा पट्टाही तितकाच रुंदावतो. दुसरा मार्ग गटाचा. प्रत्येक माणसाला त्याचा एकट्याचा आकडा न देता त्याच्या कामाच्या गटाची सरासरी द्यायची. यात चूक वेगळ्या जातीची होते. अमेरिकेतल्या जोसेफ बर्कसन यांनी १९५० मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. तिच्यात चढ फारसा चेपत नाही, पण नेमकेपणा कमी होतो आणि माणसं जास्त लागतात. गट मात्र खरे पाडावे लागतात. माझ्या हजेरीपटावर कापणारा आणि कापणाऱ्याच्या हाताखाली दगड धरून उभा राहणारा पोरगा असे दोन वेगळे लोक होते. एक ‘कारागीर’, दुसरा ‘हेल्पर’. प्रत्यक्षात धुळीचा झोत त्या पोराच्या तोंडावर येतो. गट पाडताना मी पगाराचा कागद पाहिला होता, माणूस कुठे उभा राहतो हे पाहिलं नव्हतं.

कुठल्याच सूत्रात न बसणारी एक गोष्ट मला कामगारांनीच सांगितली. सरांशी बोलल्यानंतर केलेल्या दुसऱ्या फेरीसाठी मी न कळवता गेले होते. पात्यावर पाणी नव्हतं, समोरचा माणूस दिसत नव्हता इतकी धूळ. मी एका घासाई करणाऱ्या भाईंना विचारलं, मागच्या वेळी तर पाणी होतं. ते सहज म्हणाले, “मैडम जी, जिस दिन आप आती हैं उस दिन पानी चलता है।” बाजूचे दोघे हसले. त्यांना ते कधीचं माहीत होतं. आम्ही कोणत्या तारखेला येणार हे पत्राने आधी कळवत होतो, ती रीतच होती. प्रत्येकाला चारदा मोजलं असतं आणि चारही वेळा पत्र पाठवून गेले असते, तर चारही आकडे सारखेच खोटे आले असते, आणि दिवसागणिक फरक कमी आहे म्हणून मी उलट खूश झाले असते. चढउतारावरून यादृच्छिक चूक कळते. कायम एका बाजूला कललेली चूक पुन्हा पुन्हा मोजून कळत नाही. ती माणसांशी बोलून कळते. मी पहिल्या फेरीत त्यांच्याशी बोलले होते ते फक्त पंप कसा सांभाळायचा हे सांगायला.

आणखी एक उणीव होती, ती आकड्यांत दिसूच शकत नाही. मी ज्यांना मोजलं ते कामावर होते. ज्यांना दम लागून काम झेपेनासं झालं ते राजस्थानात, उत्तर प्रदेशात, बिहारात आपापल्या गावी परत गेले होते. जास्त धुळीच्या कामावर टिकून राहिलेला माणूस हा बहुधा ज्याची छाती अजून धड आहे असा माणूस. त्याची फुप्फुसं मोजून धुळीचा परिणाम ठरवला तर धूळ निरुपद्रवीच दिसणार. मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांत सिलिकोसिस तरुण वयातच किती होता, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आलं होतं. त्या पेन्सिलींनी आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी मुळाक्षरं गिरवली. ते अभ्यास माझ्या कपाटात होते. कामावर असलेल्यांबरोबर काम सोडून गेलेल्यांनाही शोधायला हवं, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही कमी माणसं घेतली, पण त्यांना वेगवेगळ्या ऋतूंत, न कळवता, पुन्हा पुन्हा मोजलं. क्वार्ट्‌झ फिल्टरवरच मोजून घेतलं. कारखान्याच्या बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला एक पंप लावून शहराची धूळ वेगळी काढली. गट माणसांच्या उभं राहण्याच्या जागेवरून पाडले. धूळ आणि फुप्फुसांची क्षमता यांचा संबंध या वेळी स्पष्ट दिसला, आणि कापणाऱ्याच्या हाताखालची पोरं सर्वांत वरच्या गटात आली. मी पुरवणी अहवाल लिहिला, त्यात पहिलं वाक्य मागे घेतलं आणि का मागे घेतलं तेही लिहिलं. त्याच लोकांना तो पाठवला. पहिला अहवाल ज्या उत्साहाने वाचला गेला तसा हा वाचला गेला नाही. पण काही कारखान्यांत आता पाणी सोडून कापतात. पहिल्या फेरीतले काही कामगार दुसऱ्या फेरीत मला सापडले नाहीत. त्यांतल्या एकाला दम लागतो म्हणून तो करौलीकडे घरी गेला, एवढंच त्याच्या सोबत्यांनी सांगितलं. मधल्या काळात त्याच्या पात्यावर पाणी नव्हतं. ते का नव्हतं याच्या कारणांत माझी सहीही आहे.

आता हरियाणात २०१७ पासून सिलिकोसिसग्रस्तांसाठी पुनर्वसनाचं धोरण आहे. राजस्थानने २०१९ मध्ये धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या सगळ्याच आजारांसाठी धोरण आणलं. मदत मिळण्याचा रस्ता पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. पण मदत आजारानंतर येते. त्याआधी कामाला येते ती धुळीची खरी नोंद, आणि ती आपल्या कामाच्या दर्जावर अवलंबून आहे.

म्हणून या कामातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना आणि त्यांना कामं देणाऱ्यांना माझी विनंती आहे. पाहणीचा खर्च मांडताना त्याच माणसाला पुन्हा मोजण्याचे पैसे आधी बाजूला काढा, माणसांची संख्या नंतर ठरवा. आकड्याबरोबर त्यातली चूक किती हे त्याच ओळीत छापा. आणि ज्याच्या कॉलरला पंप लावला त्याला त्याचा आकडा त्याच्या भाषेत कळवा, कारण तो चुकला असेल तर सांगू शकेल असा माणूस बहुधा तोच असतो. अमेरिकेत २०१६ च्या सिलिका नियमाने हे बंधनकारक आहे: मोजणीचा निकाल बांधकामात कामाच्या पाच दिवसांत आणि इतर उद्योगांत पंधरा दिवसांत कामगारापर्यंत पोहोचवावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. एक कागद आणि त्याच्या गावाचा पत्ता एवढ्याने ते होतं.